मान खाली घातली, तरी चेंडू उजवीकडेच

वाचकाचा प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉप चालवणारे ४१ वर्षांचे एक वाचक लिहितात: पुण्याच्या एका मोठ्या ग्राहकाने आग्रह केला म्हणून आठ महिन्यांपूर्वी गोल्फ सुरू केलं. उजव्या हाताने खेळतो. कॉलेजात क्रिकेट टीमचा सलामीवीर होतो, त्यामुळे चेंडू मारणं आपल्याला जमेल असं वाटलं होतं. घराच्या गच्चीवर नेट लावून रोज रात्री शंभरेक चेंडू मारतो. पण कोर्सवर गेलो की ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या काठीचा, चेंडू निम्म्या वाटेवर उजवीकडे वळतो आणि झाडीत जातो. ७ नंबरचं आयर्न (मधल्या पल्ल्याची लोखंडी काठी) कधी चेंडूच्या डोक्यावर बसतं, कधी आधी मातीत, आणि नीट बसलं तर चेंडू डावीकडे. सगळे म्हणतात, ‘मान वर काढतोस.’ मान खाली धरून पाहिली, फरक नाही. उजवीकडे जातो म्हणून डावीकडे तोंड करून उभा राहिलो, तर आणखीच वळतो. मोबाईलवर व्हिडिओ बघून दर आठवड्याला काहीतरी बदलतो. आता डावा कोपरही दुखतोय. क्रिकेटचं वळण आता सुटणारच नाही का? पन्नास हजारांचा नवा ड्रायव्हर घ्यावा, कोच लावावा, की ग्राहकाला सरळ नाही म्हणावं? दोन महिन्यांनी त्याच्या कंपनीची स्पर्धा आहे. तिथे हसं व्हायला नको.

उत्तर

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ड्रायव्हरचा चेंडू उजवीकडे वळतो, पण ७ नंबर नीट बसलं की डावीकडे जातो. तुम्ही हे दोन वेगळे दोष धरून चालला आहात आणि दोघांवर वेगवेगळे इलाज करताय. दोष एकच आहे.

चेंडू कोणत्या दिशेला निघणार, हे मुख्यतः तो आदळतो त्या क्षणी क्लबफेस, म्हणजे क्लबचा (गोल्फच्या काठीचा) चेंडूला लागणारा सपाट भाग, कुठे बघतोय त्यावर ठरतं. निघाल्यावर तो हवेत वळणार का, हे क्लबफेसची दिशा आणि क्लबच्या डोक्याचा मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरतं. तुमचा क्लब बाहेरून आत, म्हणजे उजवीकडून डावीकडे तिरका येतोय. ऑफ-कटर टाकताना बोटं चेंडूवरून घासत जातात, तसा तो चेंडूवरून घासत जातो. ७ नंबरच्या फेसला तिशीच्या आसपास अंशांचा कल असतो. त्यामुळे मागे फिरणारी फिरकी भरपूर मिळते, बाजूचं वळण दबतं आणि चेंडू मार्गाच्या दिशेने सरळ डावीकडे जातो. ड्रायव्हरचा कल १० अंशांच्या आसपास. तिथे मागची फिरकी कमी, म्हणून फेस मार्गापेक्षा थोडा जरी उघडा, म्हणजे उजवीकडे बघत, राहिला तरी चेंडू केळ्यासारखा वळतो. शिवाय ड्रायव्हर लांब असल्यामुळे त्याचा फेस बंद व्हायलाही उशीर लागतो.

डावीकडे तोंड करून उभं राहिल्यावर वळण का वाढलं, तेही यातच आलं. खांदे डावीकडे वळवले की क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो, पण नजर झेंड्यावर असते म्हणून हात फेस तिकडेच ठेवू बघतात. दोघांतली फट वाढली, स्लाइस (उजवीकडचं वळण) वाढला. त्यामुळे ही सवय आजच बंद करा.

आता मानेबद्दल. ही सूचना देणारे तुमचं भलंच चिंतत असतात, पण चेंडूच्या डोक्यावर बसणारा फटका नवख्या खेळाडूच्या मानेमुळे फार क्वचित होतो. डोकं वर जातं ते बहुतेक वेळा दुसऱ्या कशाचा तरी परिणाम म्हणून: वजन मागच्या पायावरच राहतं, किंवा कंबर चेंडूकडे ढकलली जाऊन पाठ सरळ होते, किंवा डावा हात कोपरात दुमडतो. तुमचं ७ नंबर कधी डोक्यावर आणि कधी मातीत बसतं, तेही एकाच कारणाने. स्विंगच्या कमानीचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतोय. क्लब तिथे जमिनीला लागला तर माती उडते. थोडक्यात चुकला तर तो वर येताना चेंडूच्या माथ्याला लागतो. मान खाली गोठवून धरली की छाती लक्ष्याकडे वळत नाही, वजन पुढे सरकत नाही आणि तो बिंदू आणखी मागे राहतो. म्हणून मान खाली धरूनही फरक पडला नाही.

हे सगळं आठ महिन्यांत तुमच्या लक्षात न येण्याचं कारण तुमचं नेट आहे. तीन मीटरवर चेंडू अडला की त्याचं वळण दिसतच नाही. गेज न लावता रोज शंभर जॉब काढावेत, तसं हे चाललंय. तेव्हा आधी गेज लावू.

नेटच्या मधोमध वरून खाली एक रंगीत नाडा सोडा. तुमच्या चेंडूपासून नेट ३ मीटरवर असेल, तर ५ अंशांची चूक म्हणजे नाड्यापासून साधारण २६ सेंटीमीटर. चेंडू नाड्याच्या कोणत्या बाजूला लागतो, यावरून फेस कुठे बघत होता ते कळेल. आयर्नसाठी व्हाइटबोर्ड मार्करने चेंडूवर ठसठशीत ठिपका काढा आणि ठिपका क्लबकडे करून चेंडू ठेवा. फेसवर उमटलेला डाग फटका कुठे बसला ते सांगेल. ड्रायव्हरच्या फेसवर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला तरी हेच काम होतं. डाग सतत दांड्याकडच्या बाजूला असेल, तर त्यानेच चेंडूला उजवीकडचं वळण जास्त मिळतं. तुमच्यासारखा बाहेरून येणारा क्लब अनेकदा तिथेच बसतो.

आता दुरुस्ती. ती पकडीपासून सुरू करा. मार्ग सुधारायला आधी हात घालू नका, त्याला कारण आहे. फेस उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे जातो, हे शरीराला कळून चुकलेलं असतं. म्हणून ते बिचारं क्लब डावीकडे ओढतं. तिरका मार्ग ही बऱ्याच अंशी उघड्या फेसची भरपाई आहे. फेस तसाच ठेवून मार्ग सरळ केलात, तर चेंडू सरळ उजवीकडे शेजाऱ्याच्या गच्चीवर जाईल आणि दोन दिवसांत तुम्ही जुन्या मार्गावर परत याल. व्हिडिओ बघून केलेल्या दुरुस्त्या टिकत नाहीत त्या बहुतेक याच क्रमाच्या चुकीने.

क्रिकेटचा संबंध इथे येतो. बॅटची मूठ तळहातात येते, आणि वरच्या हाताचा कोपर उंच ठेवून बॅटचा फेस फटक्यानंतरही धरून ठेवायचा, हे तुम्ही लहानपणापासून घोटलंय. कव्हर ड्राइव्हला ते शोभतं. गोल्फमध्ये त्याच सवयीने डावा कोपर दुमडतो, मनगट फिरत नाही आणि फेस उघडा राहतो. पण क्रिकेटने तुम्हाला चेंडू पाहण्याची सवय, हातांचा वेग आणि वजन पुढच्या पायावर टाकण्याची समज दिली आहे, जी पंधरा वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला शिकवताना घाम फुटतो. ‘वळण सुटणार नाही’ असं म्हणू नका. सोडायची आहे ती फक्त मूठ.

डावा हात असा लावा. क्लब समोर कमरेच्या उंचीवर धरा, फेसची खालची कड उभी असू द्या. ग्रिप तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत बोटांवरून तिरकी जाऊ द्या, तळहातावरून नाही. मग तळहाताच्या टाचेची गादी वर ठेवून मूठ मिटा. अंगठा दांड्याच्या मध्यापासून किंचित उजवीकडे. खाली पाहिलं तर डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची हाडं दिसली पाहिजेत. सध्या बहुधा एकच दिसत असेल. अंगठा आणि तर्जनीमधली इंग्रजी व्हीसारखी घडी उजव्या खांद्याकडे रोखलेली हवी. उजव्या हाताच्या तळव्यातली आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर बसवा, आणि त्याची घडीही त्याच दिशेला ठेवा. उजवी करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खाचेवर ठेवा किंवा तर्जनीत गुंतवा. हात लहान असतील तर दहाही बोटं दांड्यावर ठेवली तरी चालतं, यात मोठेपणा-कमीपणा नाही. दाब दहापैकी चार. ग्रिपचं रबर गुळगुळीत झालं असेल तर माणूस आपोआप आवळून धरतो, म्हणून ते साबणाच्या पाण्याने धुवा. तरी हात घसरत असतील तर ग्रिप बदलून घ्या. ड्रायव्हरपेक्षा ही कितीतरी स्वस्त दुरुस्ती आहे.

नवी पकड पहिले आठ-दहा दिवस अगदी परकी वाटेल. चेंडू नाड्याच्या आणखी डावीकडे लागू लागेल, कारण फेस बंद व्हायला लागला पण मार्ग अजून जुनाच आहे. बहुतेक लोक इथे घाबरून जुन्या मुठीवर परततात. तुम्ही परतू नका. चेंडू डावीकडे जाणं ही पकड काम करतेय याची खूण आहे. संध्याकाळी टीव्ही बघताना क्लब हातात घ्या, सोडा, परत घ्या, असं पन्नासदा करा. चेंडू लागत नाही, कोपरही दुखत नाही.

उभं राहण्याची चूक मोजणं तुम्हाला सोपं आहे. अर्धा इंची पीव्हीसी पाइपाचे चार फुटी दोन तुकडे कापा. एक चेंडूच्या पलीकडे लक्ष्याच्या दिशेने ठेवा, दुसरा पायांच्या बोटांसमोर त्याला समांतर. पाय आणि कंबर समांतर असूनही खांदे उघडे राहतात, आणि क्लब खांद्यांच्या रेषेवरूनच जातो. म्हणून क्लब छातीवर आडवा धरून खांदे पाइपाला समांतर आहेत का बघा. ७ नंबरला पायांमधलं अंतर खांद्यांएवढं आणि चेंडू मध्यापासून एक चेंडूभर पुढे. ड्रायव्हरला अंतर थोडं जास्त आणि चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर. टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) इतकी उंच की क्लब जमिनीवर टेकवला तर निम्मा चेंडू त्याच्या वर दिसावा. चेंडू इतका पुढे असला की उजवा खांदा त्याच्याकडे ओढला जातो आणि खांदे उघडतात. म्हणून ड्रायव्हरला उजवा खांदा मुद्दाम डाव्यापेक्षा खाली ठेवा. हात खांद्यांखाली सैल लोंबू द्या. दांड्याचं टोक आणि मांडी यांत मुठीपेक्षा थोडं जास्त अंतर राहील. फार जवळ उभं राहून वजन चवड्यांवर गेलं, की चेंडू क्लबच्या सांध्याला लागून काटकोनात उजवीकडे उडतो. गच्चीवर तो प्रकार धोक्याचा, म्हणून नेटला बाजूचे पडदेही हवेतच.

चेंडू नाड्याच्या डावीकडे सातत्याने लागू लागले, की मग मार्ग. बाहेरून आत येणारा क्लब बहुतेकदा वरच्या टोकाला झालेल्या घाईतून येतो. बॅकस्विंग पूर्ण व्हायच्या आतच उजवा खांदा चेंडूकडे झेपावतो. चेंडूच्या मागे सुमारे २० ते २५ सेंटीमीटर आणि चेंडूच्या रेषेपेक्षा तळहातभर पलीकडे, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या बाजूला, चेंडूंचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका ठेवा. वीट किंवा लोखंडी तुकडा अजिबात नको. क्लब बाहेरून आला तर खोका उडेल, आतून आला तर राहील. ९ नंबरने फक्त अर्धा स्विंग करा: हात मागे कमरेच्या उंचीपर्यंत, पुढेही तेवढेच. वर पोचल्यावर पाठ क्षणभर लक्ष्याकडेच राहू द्या, आधी वजन डाव्या टाचेवर आणा, मग हात खाली सोडा. उजवा पाय अर्धं पाऊल मागे घेऊन वीस चेंडू मारले तर आतून येण्याची जाणीव लवकर पक्की होते. लय साधारण तीनास एक. मागे जाताना मनात ‘एक-दोन-तीन’ आणि खाली येताना एकच ठोका.

आणि खालचा बिंदू पुढे आणायला रांगोळी. कुठल्याही मोकळ्या मैदानावर गवतात रांगोळीची एक सरळ रेष ओढा, लक्ष्याच्या दिशेला काटकोनात. दोन्ही पाय तिच्या दोन बाजूंना ठेवा, रेष मध्यापासून एक चेंडूभर पुढे, आणि चेंडू न ठेवता स्विंग करा. क्लबने गवत रेषेवर किंवा रेषेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला उपटलं पाहिजे. मागे उपटलं तर वजन अजून मागेच आहे. स्विंग संपला की उजवी टाच पूर्ण उचललेली आणि पोट लक्ष्याकडे, अशा स्थितीत तीन सेकंद उभं राहता आलं पाहिजे. दहापैकी सात वेळा गवत पुढे निघू लागलं, की चेंडू ठेवा. गच्चीवर हेच करायचं तर चेंडूच्या मागे १० सेंटीमीटरवर घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि त्याला न लागता चेंडू मारा. मॅटवर हे फार गरजेचं, कारण मागे लागलेला क्लब मॅटवरून घसरत चेंडूपर्यंत जातो आणि चुकीचा फटकाही चांगला वाटतो.

तुमचा कोपरही मॅटकडेच बोट दाखवतोय. काँक्रीटवर पातळ मॅट आणि मागे लागणारा क्लब, म्हणजे प्रत्येक चुकीच्या फटक्याचा धक्का मनगटातून कोपरात. दुखणं डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला असेल तर त्याला टेनिस एल्बो म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्या गोल्फरना ते बहुतेकदा डाव्या हातात होतं. दोन आठवडे चेंडू मारू नका, फक्त पकड आणि चेंडूशिवाय सावकाश स्विंग, तेही दुखत नसेल तरच. त्यानंतर जाड फोमच्या बैठकीचं मॅट घ्या आणि चेंडू टीवर ठेवून सुरुवात करा. दोन आठवड्यांनीही पिशवी उचलताना कळ येत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, तेल चोळत बसू नका. रोज शंभर चेंडूंची गरजच नाही. एक दिवसाआड ४० मारा, आणि प्रत्येकानंतर डाग व नाडा बघा.

ड्रायव्हर आत्ता घेऊ नका. तिरका मार्ग आणि उघडा फेस पन्नास हजारांचा क्लबही सरळ करत नाही. सध्याच्या ड्रायव्हरवर ९ अंश किंवा त्याहून कमी लिहिलेलं असेल, तर पुढे कधी बदलताना १०.५ ते १२ अंशांचा बघा. नवख्याला जास्त कल सोपा जातो. नियमाने पिशवीत १४ क्लब चालतात, म्हणून १४ घेऊन फिरायलाच हवं असं नाही. एक हायब्रिड (लांब पल्ल्याचा, पण मारायला सोपा क्लब), ७ आणि ९ नंबर, जवळच्या फटक्यांसाठी पिचिंग वेज व सँड वेज, आणि होलजवळ चेंडू ढकलायला पटर, इतक्यावर तुमचे दोन महिने निघतील.

त्याच पैशातून कोच लावा, पण पकड आणि नाड्याचं काम तीन आठवडे केल्यानंतर. कोल्हापूरहून पुणे २३० किलोमीटर. ग्राहकाकडे जाल त्या दिवसाला जोडून तासाभराची भेट ठरवा, महिन्यातून एकदा पुरे. जाताना दोन व्हिडिओ न्या: एक समोरून, एक मागून. मागचा काढताना फोन हातांच्या उंचीवर, हातांच्या रेषेत, लक्ष्याकडे तोंड करून आणि स्लो मोशनमध्ये ठेवा. फोन तिरका असेल तर नसलेला दोष दिसतो. कोचला एवढंच विचारा: ‘पुढच्या भेटीपर्यंत एकच गोष्ट करायची तर कोणती?’ आपल्या तालमीत वस्ताद पोराकडून एक डाव घोटून घेतो आणि तो अंगात मुरल्याशिवाय दुसरा दाखवत नाही. ज्या कोचला पहिल्या तासात तुमचे सात दोष काढायचे आहेत, त्याच्याकडे परत जाऊ नका. व्हिडिओही तोवर बंद. ते खोटे असतात म्हणून नव्हे, तर हुक (डावीकडे वळणारा फटका) मारणाऱ्या माणसासाठी सांगितलेला उपाय स्लाइसवाल्याने केला तर दोष दुप्पट होतो, आणि बघताना आपण कोणते ते कळत नाही.

राहिली स्पर्धा. ‘चांगलं खेळता आल्याशिवाय मैदानात कसं उतरायचं’ हे तुमचं गृहीत गोल्फमध्ये लागू पडत नाही. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत कमाल हँडिकॅप (खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) ५४ आहे, म्हणजे १८ होलना प्रत्येकी तीन जास्तीचे फटके. ही सोय तुमच्यासारख्यांसाठीच केलेली आहे. बरोबरच्यांना त्रास होतो तो वाकड्या फटक्याचा नाही, रेंगाळण्याचा. चेंडू शोधायला नियमाने तीन मिनिटं आहेत, तुम्ही दोन वापरा. आपली पाळी यायच्या आत क्लब ठरवा, सरावाचा स्विंग एकच करा, आणि एखाद्या होलवर आठ-नऊ फटके झाले आणि स्पर्धेचा प्रकार मुभा देत असेल तर चेंडू उचलून पुढे चला. टीवरून ड्रायव्हर काढू नका. हायब्रिडने दीडशे यार्ड सरळ गेलेला चेंडू झाडीतल्या दोनशे यार्डांपेक्षा तुम्हाला बहुतेक वेळा कमी फटक्यांत होलपर्यंत नेईल.

ग्राहकाला आजच फोन करून सांगा की अजून शिकतोय, हायब्रिडने खेळेन, चालेल ना. आणि स्पर्धेआधीच्या शेवटच्या आठवड्यात स्विंगमध्ये काहीही बदलू नका. त्या सात दिवसांत घरातल्या सतरंजीवर पाच-सहा फुटांवरून पटिंगच करा. तुमच्या एकूण फटक्यांतला मोठा वाटा तिथे जातो, आणि त्याला कोपरही लागत नाही.